विश्लेषण: सापांसाठी उंदीर वाढवायचे, तर शेड कशी हवी? सोलापूरच्या उन्हात हे गणित अवघड का?

सर्पदंशावरील प्रतिविषाची चर्चा निघाली की साप, विष, घोडे आणि औषध कारखाने आठवतात. या साखळीच्या अगदी तळाशी असलेला उंदीर मात्र विस्मरणात जातो. पिंजऱ्यातील साप जगवायचा तर त्याला उंदीर लागतो, आणि तो उंदीर निरोगी लागतो. असे उंदीर वाढवण्याचा उद्योग बाहेरून फार सोपा दिसतो. पत्र्याची एखादी रिकामी शेड, पन्नास पिंजरे आणि ज्वारीचे पोते, एवढ्यावर काम भागेल असे वाटते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या वसाहतीत वीज आहे, रस्ता आहे, तयार शेडही मिळू शकते. पण त्याच ठिकाणी मे महिन्यातील ऊन, यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामातले रानटी उंदीरही आहेत. अशा जागी खाद्य-उंदरांची शेड उभारायची तर काय काय लागेल, याचा हा आढावा.

असे उंदीर लागतात कोणाला?

सर्पोद्याने, प्राणिसंग्रहालये, जखमी घुबडे व शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारी केंद्रे आणि सापांचे विष गोळा करणारी केंद्रे हे मुख्य ग्राहक. पुण्यातील कात्रजच्या सर्पोद्यानापासून मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत महाराष्ट्रात साप पाळण्याची व अभ्यासण्याची जुनी परंपरा आहे.

या विषयाला आज वेगळे महत्त्व आले आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या २०२४ मधील राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. त्यासाठीचे बरेचसे विष तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. मात्र एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. म्हणून इतर राज्यांतही विषसंकलन व्हावे, अशी मागणी होते. इरुळांची संस्था काही आठवडे विष काढून साप जंगलात सोडते. कायमस्वरूपी सर्पगृहात मात्र साप वर्षानुवर्षे राहतो. त्याला तितकीच वर्षे खाऊ घालावे लागते.

पकडून आणलेले उंदीर का चालत नाहीत?

शेतात, गोदामात फुकट उंदीर मिळत असताना ते वाढवायचे कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण बाहेरच्या उंदराने काय खाल्ले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. झिंक फॉस्फाइड किंवा रक्त पातळ करणारे विष खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला, तर सापही दगावू शकतो. शिवाय जंत, गोचिड्या, पिसवा, लेप्टोस्पायरा आणि साल्मोनेलाचे जंतू सोबत येतात.

धोका सापापुरताही मर्यादित नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून आठशेहून अधिक लोकांना झालेल्या साल्मोनेलाच्या संसर्गाचा माग पाळीव सापांना घातल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला. हे उंदीर लिथुआनियातून येत होते; फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथून होणारी आयात थांबवण्यात आली. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, हा त्यातला धडा. म्हणजे स्वच्छता फ्रीजरमध्ये आणता येत नाही. ती शेडमध्येच असावी लागते.

शंभर सापांसाठी किती मोठी शेड?

मराठीत सगळे उंदीरच. पण या व्यवसायात दोन जाती वेगळ्या मोजतात. २५-३० ग्रॅमचा छोटा उंदीर म्हणजे माऊस आणि दोनशे ते पाचशे ग्रॅमचा मोठा म्हणजे रॅट. छोट्या मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, मोठीचा २१ ते २३ दिवसांचा. पिल्ले तीन आठवड्यांत आईपासून वेगळी करता येतात आणि सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. व्यायल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. ‘एका जोडीपासून वर्षात हजारो’ असली आकडेमोड याच माहितीवर उभी असते.

प्रत्यक्षातले गणित सावधपणे मांडावे लागते. शंभर सापांना आठवड्याला एक छोटा उंदीर धरला, तर आठवड्याला शंभर उंदीर हवेत. एका मादीकडून महिन्याला हाती लागणारी पिल्ले पाच-सहाच धरावीत. म्हणजे सुमारे ८० माद्या लागतात. उन्हाळ्यातली घट आणि आजारपण धरून १०० ठेवाव्यात. एका पिंजऱ्यात एक नर व दोन माद्या, असे ५० पिंजरे झाले. तीन आठवड्यांपासून सात आठवड्यांपर्यंत वाढणारी पिल्ले कोणत्याही वेळी ४०० असतील.

केंद्र सरकारच्या प्राणी प्रयोग नियंत्रण व पर्यवेक्षण समितीने प्रयोगशाळेतील उंदरांसाठी दिलेली मापे येथे उपयोगी पडतात. २५ ग्रॅमपर्यंतच्या उंदराला ७७.४ चौरस सेंटिमीटर जागा आणि पिंजऱ्याची उंची किमान १२ सेंटिमीटर हवी. २९ बाय २२ सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात या हिशेबाने आठ उंदीर मावतात. म्हणजे वाढत्या पिल्लांसाठी आणखी ५० पिंजरे. पाच मजली, प्रत्येक मजल्यावर पाच पिंजऱ्यांच्या अशा चार मांडण्या झाल्या. त्या तीन बाय चार मीटरच्या खोलीत सहज बसतात.

इथेच फसगत होते. उंदरांना जागा थोडी लागते; त्यांच्या भोवतीच्या कामांना जास्त लागते. कपडे बदलण्याची जागा, खाद्याचे कोठार, स्वच्छ पिंजऱ्यांची खोली, घाणेरडे पिंजरे धुण्याची मोरी, नवीन आणलेल्या उंदरांना काही आठवडे वेगळे ठेवण्याची खोली आणि फ्रीजरची खोली, हे सारे धरले की बारा चौरस मीटरच्या खोलीभोवती चौपट-पाचपट बांधकाम उभे राहते. येण्याजाण्याची दिशा एकच हवी. स्वच्छ बाजूने शिरायचे, घाणेरड्या बाजूने बाहेर पडायचे आणि उलट फिरायचे नाही.

सोलापूरचे ऊन हा पहिला अडथळा का?

उंदरांसाठी याच समितीने १८ ते २९ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता सांगितली आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. नुसत्या पत्र्याखालची हवा बाहेरच्याहून तापते. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. मोठा उंदीर उघड्या शेपटीतून थोडी उष्णता बाहेर टाकतो, तेवढेच. तिशीच्या वर तापमान टिकून राहिले की आधी नरांची प्रजननक्षमता घसरते, मग पिल्लांची संख्या कमी होते. चाळिशीच्या आसपास उष्माघाताने उंदीर मरू लागतात. मालकाला मेलेले उंदीर दिसतात. पण नुकसान त्याआधी काही आठवडे सुरू झालेले असते.

उपाय जुने आणि याच मातीतले आहेत. सोलापूर भागातील माळवदाची घरे मातीच्या जाड छतामुळे उन्हाळ्यातही सुसह्य राहतात. शेडला माळवद घालता येणार नाही, पण तत्त्व तेच: ऊन आणि उंदीर यांच्या मध्ये जाड, उष्णता अडवणारा थर हवा. पत्र्याला बाहेरून पांढरा लेप, खाली हवेची पोकळी आणि त्याखाली उष्णतारोधक पॅनेलचे छत, ही किमान तयारी. लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे ठेवल्या, तर सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. जुन्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे उत्तरेचाच उजेड आत घेत. थेट ऊन टाळायचे हा त्यामागचा विचार. पांढऱ्या उंदरांचे डोळे प्रखर प्रकाशाने बिघडतात. त्यामुळे इथे तर खिडकी नसलेलीच बरी. बारा तास मंद दिवा, बारा तास अंधार, आणि त्यासाठी वेळेनुसार चालणारे बटण पुरते.

कूलरने भागते का?

उन्हाळ्यात बऱ्याच अंशी भागते, आणि त्याचे कारण सोलापूरचा कोरडेपणा. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या जाळीतून खेचलेली हवा साधारण २८-२९ अंशांपर्यंत उतरू शकते. तिची आर्द्रता सत्तरीच्या जवळ पोहोचते. म्हणजे दोन्ही मर्यादा पाळल्या जातात, पण अगदी काठावर. जाळीवर क्षार साचले किंवा पंप बंद पडला की दुपारच्या दोन तासांत सारे हाताबाहेर जाते. जड पाणी असेल तेथे जाळी आणि पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या वारंवार साफ कराव्या लागतात.

पावसाळ्यात हाच कूलर कुचकामी ठरतो. हवा आधीच दमट असल्याने ती फारशी थंड होत नाही, अंथरूण मात्र ओले होते आणि लघवीतून अमोनिया सुटू लागतो. तेव्हा कोरड्या हवेचा पंखा किंवा वातानुकूलन लागते. हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात आर्द्रता फार घसरली, तर मोठ्या उंदरांच्या पिल्लांच्या शेपटीला वळे पडून ती गळून जाऊ शकते.

वायुविजनाचा हिशेब सोपा आहे. तासाला १२ ते १५ वेळा खोलीतील हवा बदलली पाहिजे. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. म्हणजे पंख्याने तासाला ४३० ते ५४० घनमीटर हवा खेचली पाहिजे. हवा स्वच्छ बाजूने गाळून आत यावी आणि घाणेरड्या बाजूने बाहेर पडावी. आत शिरताच डोळे चुरचुरले, तर समजावे की पंखा किंवा साफसफाई कमी पडते आहे. माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो. उंदीर तीच हवा रात्रंदिवस घेतो आणि श्वसनाचा जुनाट आजार कळपात पसरतो.

शेजारच्या मागाचा काय संबंध?

अक्कलकोट रोड एमआयडीसीची ओळख टॉवेल आणि चादरींची. यंत्रमागाच्या खोलीतील आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. उंदरांच्या निवासासाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगितलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उंदरांना माणसाच्या कानापलीकडचे उच्च ध्वनी ऐकू येतात; पिल्ले आईला त्याच पट्टीत हाक मारतात. सतत हादरे आणि अचानक आवाज असले की नुकतीच व्यायलेली मादी पिल्लांना दूध पाजत नाही, प्रसंगी त्यांना खाऊन टाकते. म्हणून मागाच्या भिंतीला लागून असलेला गाळा भाड्याने स्वस्त असला तरी टाळावा. मांडणी भिंतीला टेकू नये, पायांखाली रबर असावे आणि पंख्याची मोटर छताला न टांगता बाहेर बसवावी.

बाहेरचा उंदीर आत आला, तर?

कोंबड्यांची शेड आणि उंदरांची शेड यांतला मूलभूत फरक हाच. उंदरांच्या शेडला दोन बाजूंनी पहारा लागतो: आतला बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये. सव्वाशे वर्षांपूर्वी याचा धडा मुंबईतच मिळाला. प्लेगच्या साथीत परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात प्लेग आयोगाने प्रयोगासाठी छोट्या खोल्या बांधल्या. छपरे वेगवेगळ्या प्रकारची होती आणि छपराखाली तारेची जाळी होती. छपरातला उंदीर खाली येऊ शकत नव्हता, पण त्याच्या अंगावरची पिसू येऊ शकत होती. खाली गिनिपिग ठेवले. ज्या कौलारू छपरांत प्लेगचे उंदीर वावरले, त्यांखालचे गिनिपिग स्पर्शही न होता आजारी पडले. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगांत याची गणना होते.

शेड बांधणाऱ्यासाठी त्याचा अर्थ असा की नुसती जाळी पुरत नाही. छप्पर आणि भिंतीत रानटी उंदराला घर करायला जागाच उरता कामा नये. पॅनेलमागच्या पोकळीची टोके पत्र्याने बंद हवीत. पेन जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर जातो. म्हणून जाळी सहा मिलिमीटरहून बारीक हवी, दाराखाली पत्र्याची पट्टी आणि एकापाठोपाठ दोन दारे हवीत. पहिले मिटल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. मोरीच्या तोंडाशी जाळी अत्यावश्यक. सोलापुरात सहज मिळणारी शहाबादी फरशी टिकाऊ असली, तरी तिच्या सांध्यांत लघवी मुरते. सांधे पक्के भरावेत किंवा सलग सिमेंटचा गुळगुळीत कोबा करावा आणि भिंतीशी कोपरे गोलाकार ठेवावेत.

खाद्य आणि अंथरूण गावातलेच चालेल?

इथे स्वस्ताईचा मोह सर्वाधिक. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उत्तम, पण उंदरांचे पूर्ण अन्न नव्हे. ज्वारीत साधारण दहा टक्के प्रथिने असतात आणि लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. विणाऱ्या मादीच्या आहारात १८ ते २० टक्के प्रथिने लागतात. ती कमी पडली की पिल्ले कमी होतात, आणि आई काही पिल्ले खाते. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर विषच. तयार गोळीखाद्य महाग वाटते. पण छोटा उंदीर दिवसाला तीन ते पाच ग्रॅमच खातो.

अंथरुणासाठी भाताचे तूस उष्णतेने निर्जंतुक करून वापरता येते. वखारीतला भुसा कोणत्या लाकडाचा आणि कोणत्या रसायनात बुडवलेल्या लाकडाचा, हे कळत नाही. आजूबाजूच्या कारखान्यांतून मिळणारी चिंधी आणि सुताचा गुंता घरट्यासाठी सोयीचा वाटतो, पण लांब धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळतात, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय गळतो. त्यापेक्षा फाडलेला साधा, न छापलेला कागद बरा.

कायदा काय सांगतो?

प्रयोगांसाठी प्राण्यांची पैदास करणाऱ्यांना १९९८ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीकडे नोंदणी करावी लागते. खाद्य म्हणून वाढवलेले उंदीर प्रयोगशाळेला विकता येत नाहीत. प्रतिविषाची ताकद तपासण्यासाठीही उंदीर लागतात, पण ते या नोंदणीकृत व्यवस्थेतले. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांत उंदरांचा समावेश आहे. दुकानात विक्री करायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक. भारतातील साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. घरी नाग पाळणाऱ्याला उंदीर पुरवणे म्हणजे बेकायदा कामाला हातभार. औद्योगिक भूखंड ज्या कारणासाठी दिला आहे त्यात प्राणिपालन बसते का, हेही आधी लेखी विचारावे.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उंदरालाही लागू होतो. अनावश्यक क्रूर पद्धतीने मारणे आणि करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे हे त्यात गुन्हे आहेत. उंदीर जिवंत गोठवणे ही क्रूरताच. कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडून बेशुद्ध करून मारणे ही प्रचलित पद्धत, मात्र नवजात पिल्ले त्यात बराच वेळ तग धरतात, हे लक्षात घ्यावे लागते. मृत उंदीर खाऊ घालण्यात सापाचेही हित आहे. कोंडलेला जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमी करू शकतो.

आग आणि वीज यांचे काय?

मे २०२५ मध्ये याच औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. तूस, कागद, खोकी आणि चोवीस तास चालणारे पंखे असलेल्या शेडने ती घटना विसरू नये. अंथरुणाचा साठा वेगळ्या खोलीत, तारा नळीतून, बाहेर पडायला दोन वाटा आणि कामगाराचा मुक्काम शेडमध्ये नाही, हे किमान नियम. वीज गेल्यावर बंद खोली तापत जाते. पंखा व पंप चालवणारा इन्व्हर्टर आणि तापमान वाढताच मोबाइलवर सूचना देणारे यंत्र ही चैन नव्हे. कामगारांना हातमोजे, मुखपट्टी आणि हात धुण्याची सोय हवी. उंदरांच्या लघवीतील प्रथिनांमुळे कालांतराने दमा जडू शकतो.

मग हा धंदा परवडतो का?

शंभर पिंजऱ्यांचे पैसे या शेडच्या खर्चात सर्वात कमी ठरतात. खरा खर्च छत, हवा, पाणी, वीज आणि रोजच्या साफसफाईचा. म्हणून पिंजरे आणण्याआधी एक मे महिना रिकाम्या शेडमध्ये नुसता तापमापक टांगून ठेवणे शहाणपणाचे. दुपारी तीन वाजता, कूलर चालू असताना, तो २९ च्या खाली राहिला आणि वीज गेल्यावरही तासभर टिकला, तर पुढे जावे. नाही तर शेडमध्ये आणखी सुधारणा कराव्यात किंवा जागा बदलावी. त्यासाठी एक उन्हाळा थांबावे लागेल. पण निकृष्ट शेडमधला आजारी उंदीर सापापर्यंत, आणि पुढे माणसापर्यंत, पोहोचण्यापेक्षा ते स्वस्त पडते.